पालक पोटात गेला, पण लोह रक्तात गेलं का?

पालक भरपूर खा म्हणजे हिमोग्लोबिन वाढेल, असं एका लेखात म्हटलंय. एवढ्यानं भागत नाही हो. १०० ग्रॅम कच्च्या पालकात जेमतेम २.७ मिलिग्रॅम लोह असतं आणि वनस्पतींमधलं लोह शरीर फार थोडं शोषून घेतं.

खरा घोळ होतो जेवणाला लागून घेतलेल्या चहानं. त्यातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लोहाला आतड्यातच बांधून ठेवतात आणि ते शोषलं न जाता तसंच बाहेर पडतं. कॉफीचंही तेच. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी दोन्ही टाळा. उलट क जीवनसत्त्वानं शोषण वाढतं. अर्धं लिंबू पिळा, पण ताटात वाढल्यावर. शिजताना पिळलंत तर उष्णतेनं बरंचसं क जीवनसत्त्व जातं. पेरू किंवा संत्रं चालेल, मात्र त्याच जेवणासोबत, दोन तासांनी नाही. कडधान्यं रात्रभर भिजवून पाणी फेकून दिलं की लोह अडवणारं फायटेट थोडं कमी होतं. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर नकोच.

आणि कृपया नुसत्या हिमोग्लोबिनवर विसंबू नका. आधी शरीरातला लोहाचा साठा संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. थकवा जात नसेल तर डॉक्टरांना विचारून हा साठा दाखवणारं फेरिटिनही रक्तात तपासून घ्या.