उचलेगिरी सुरू होते ती टिपणवहीत

प्रबंध जमा करायचे दिवस आले की एकच प्रश्न कानावर पडतो, "किती टक्के आलं?" म्हणजे सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये प्रबंधातला किती मजकूर इतरांच्या लेखनाशी जुळला. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. टर्निटिनसारखं सॉफ्टवेअर चोरी पकडत नाही, जुळणारा मजकूर दाखवतं. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला उताराही त्यात रंगून येऊ शकतो. उलट दुसऱ्या भाषेतलं आख्खं प्रकरण भाषांतर करून आपल्या नावावर खपवलं, तर ते निसटूही शकतं. मग कमी टक्के म्हणजे प्रामाणिक, हे कुठलं गणित?

माझ्या पहिल्याच शोधनिबंधाच्या वेळची गोष्ट. वहीत चार नेटक्या ओळी सापडल्या. माझ्याच असणार असं समजून लेखात घेतल्या. पाठवायच्या आदल्या रात्री मूळ पुस्तक पुन्हा उघडलं तर त्या जशाच्या तशा तिथे! टिपण काढताना ना अवतरणचिन्ह टाकलं होतं, ना पान क्रमांक. पोटात गोळा आला.

जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात २०११ मध्ये उचललेले उतारे सापडले, तेव्हा स्रोतांवरची आपली नजर सुटली, असं तेही म्हणाले होते. विद्यापीठाने पदवी काढून घेतली, मंत्रिपद गेलं, आणि पुढे चौकशीत ही जाणूनबुजून केलेली फसवणूक असल्याचा निष्कर्ष निघाला. वहीतला गोंधळ खरा असला, तरी बाहेरच्याला तो चोरीपेक्षा वेगळा दिसणार कसा?

म्हणून आता टिपणात तीन रंग वापरते: लेखकाचे शब्द, त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत आणि माझा स्वतःचा विचार. पहिल्या दोहोंपुढे पान क्रमांक लगेच, नंतर नाही. लिहिताना पुस्तक मिटते. समोर उघडं पान असलं की हात त्याच वाक्याच्या वळणाने जातो. चार शब्द बदलायचे, कर्तरीचं कर्मणी करायचं... याला 'पॅचरायटिंग' म्हणतात, आणि खाली संदर्भ दिला तरी ते वाक्य आपलं होत नाही. मिटल्या पुस्तकानिशी लिहिता आलं नाही, तर मला ते कळलेलंच नसतं. मग पुन्हा वाचते. (यात वेळ जातो. फार जातो.) लिहून झालं की मुळाशी ताडून पाहते.

मार्गदर्शकांना मनापासून विनंती आहे, रिपोर्टची वाट पाहू नका. पहिल्या सहा महिन्यांतच विद्यार्थ्याची टिपणवही मागा आणि कुठल्याही ओळीवर बोट ठेवून विचारा, "ही कुणाची?"