परत स्कॅन, परत तोच घोळ

डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेवरची एखादी वाहिनी एका ट्रान्सपॉन्डरवरून (उपग्रहावरच्या प्रक्षेपकावरून) दुसऱ्यावर हलली, की लिनक्स संगणकावर स्कॅनर प्रोग्रॅमनं वाहिन्या शोधून केलेल्या माझ्या यादीचे बारा वाजलेच म्हणून समजा. प्रसार भारती स्लॉटचा (वाहिन्यांच्या जागांचा) लिलाव करते, म्हणजे वाहिन्या येणार-जाणार, हे मान्य. पण नव्या स्कॅननंतर जुनी नोंद काळा पडदा दाखवत तिथंच राहते आणि तीच वाहिनी नव्या फ्रिक्वेन्सीसह यादीच्या तळाला जाऊन बसते. हा कुठला न्याय वो?

इथं बेळगावात आमच्या घरी दूरदर्शनच्या सह्याद्री आणि चंदना दोन्ही वाहिन्या लागतात. आईला मराठी बातम्या, शेजारच्या अज्जींना कन्नड कार्यक्रम. दोन्ही वर, जवळजवळ हव्यात, एवढंच मागणं. तर हा स्कॅनर ट्रान्सपॉन्डरच्या क्रमानं सगळं ओततो. भजनं, खरेदीच्या जाहिराती, रेडिओ, सगळी खिचडी!

सिग्नलची तक्रार नाहीच. डिश जीसॅट-१५ उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्वेला, पक्की बसवलेली; सिम्बॉल रेट (सिग्नलचा वेग) २९५००, लॉक लगेच लागतो. आणि स्कॅनरनं लिहिलेली चॅनेलची फाइल उघडून बघा: चौकटी कंसात वाहिनीचं नाव, खाली सर्व्हिस आयडी (वाहिनीचा क्रमांक), व्हिडिओ पीआयडी, ऑडिओ पीआयडी (चित्राचा नि आवाजाचा ओळख क्रमांक), फ्रिक्वेन्सी. अहो, नाव समोर दिसतंय ना? मग जुन्या नोंदीशी ताडून बघायला काय धाड भरते? ‘ही वाहिनी हलली आहे, जुन्याच जागी ठेवू का?’ एवढं तरी विचारा! रात्री जागून लावलेला क्रम न विचारता का विस्कटता?