कुरासाओची रंगीत घरं आणि मावशीचा फॉरवर्ड

परवा मावशीने घरच्या ग्रुपवर कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटाच्या रंगीत घरांचा फोटो टाकला. खाली मजकूर असा: पांढऱ्या भिंतींनी गव्हर्नरचं डोकं दुखायचं, म्हणून त्याने प्रत्येक घराला वेगळा रंग लावायचा हुकूम काढला, रंगाच्या दुकानात त्याचीच भागीदारी होती, घरं म्हणजे ॲमस्टरडॅमची हुबेहूब नक्कल, आणि डच मालकांनी गुलामांनाही अशीच घरं बांधून दिली. भाचीने ते शाळेच्या प्रकल्पात उतरवूनही घेतलं, म्हणून हे लिहितोय.

शेवटचं वाक्य वाचून माझं डोकंच फिरलं. फोटोतली रांग विलेमस्टॅड शहरातल्या हांडेल्सकाडे या धक्क्यावरची आहे. व्यापाऱ्यांच्या इमारती त्या. मळ्यांवरचे गुलाम ज्या घरात राहायचे त्याला तिथल्या पापियामेंटू भाषेत 'कास दि पाली माइशी' म्हणतात. काटक्यांचा कूड, त्यावर शेणामातीचं लिंपण, वर ज्वारीच्या ताटांनी शाकारलेलं छप्पर. मावशी, आजोळचा गोठा आठव, तसा कूड! १७ ऑगस्ट १७९५ ला तुला नावाच्या गुलामाच्या पुढारपणाखाली हे लोक स्वातंत्र्य मागत उठले. तुलाला हालहाल करून मारलं. गुलामगिरी संपायला १ जुलै १८६३ उजाडावा लागला. त्या माणसांच्या नावावर रंगीत घरं खपवायची आणि वर हृदयाची चिन्हं टाकायची?

डोकेदुखीच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. विलेमस्टॅड १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या नोंदीप्रमाणे १८१७ मध्ये पांढऱ्या चुन्यावर बंदी आली, बहुधा उन्हात डोळे दिपू नयेत म्हणून. 'बहुधा' हा शब्द त्यांचाच. म्हणजे पांढरा नको, एवढंच. घराघराला वेगळा रंग लावा असं त्यात नाही. गव्हर्नरचं डोकं नाही की दुकान नाही. अल्बर्ट किकर्ट तेव्हा गव्हर्नर होता, हे खरं. दुकानाचा किस्सा पर्यटकांना सांगायचा.

नक्कल म्हणाल तर घरांच्या दर्शनी भिंतींवर डच वळणाचे त्रिकोण आहेतच, तिथली पेन्या नावाची पिवळी इमारत १७०८ ची. पण त्याच नोंदीत स्पॅनिश-पोर्तुगीज वळणही सांगितलंय.

भाचीला फोन केला. प्रकल्प सोमवारी द्यायचाय. शेवटचा परिच्छेद खोडून त्या जागी ती कुडाच्या घराचं चित्र काढतेय.