पास जपून ठेवला, तिथेच चुकलं

टीसी डब्यात चढला की मला आधी घाम फुटतो आणि मग आठवतं की अरे, आपल्याकडे पास आहे. महिन्याचा, पैसे मोजून काढलेला, मुदत शिल्लक असलेला. तरी हात आधी शर्टाच्या खिशात, मग पाकिटात, मग बॅगेच्या अशा कप्प्यात जातो जिथे मी जन्मात कधी पास ठेवलेला नाही.

त्या दिवशी मात्र लगेच सापडला. भिजू नये, घडीवर फाटू नये म्हणून मी तो मस्त प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून ठेवला होता ना! ऐटीत पुढे केला. टीसीने पाहिला, उलटा केला, परत सुलटा केला आणि म्हणाला, "साहेब, हा कोरा कागद आहे."

होताच हो कोरा! नंतर कळलं की त्या गुळगुळीत कागदावर शाई नसतेच मुळी, कागदाला लावलेलं रसायन मशीनच्या उष्णतेने काळं पडतं आणि तीच आपली अक्षरं, आणि प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे काय घालतात ते हळूहळू ही अक्षरं पुसून टाकतं. म्हणजे पास मी हरवला नाही, फाडला नाही, काळजी घेऊन घेऊन संपवला.

मग अख्खा डबा कामाला लागला. एक काका म्हणाले उजेडात तिरका धरा. धरला. एका मुलीला तारखेत ७ दिसला, तिच्या मैत्रिणीला तोच १ दिसला, आणि त्या दोन आकड्यांच्या मधे माझा दंड लटकत होता. मी मोबाईलमधला पासचा फोटो काढला (सावध माणूस आहे मी, सांगितलं ना), तर म्हणे फोटो चालत नाही, तो कोणीही कोणालाही पाठवतो. मुद्दा बरोबर होता, त्याचाच जास्त राग आला.

माझ्या बाजूने सगळ्यात जास्त भांडला तो खिडकीजवळचा एक पोरगा. इतका तावातावाने भांडला की त्याचं तिकीट बघायचं टीसीच्या डोक्यातूनच गेलं. पुढच्या स्टेशनला मला "लढा काका" म्हणून तो उतरूनही गेला.

मी दंड भरला. टीसीने कमरेच्या छोट्या मशीनमधून पावती काढून हातात दिली, तशीच गुळगुळीत, अजून कोमट.

"नीट जपून ठेवा हं," तो म्हणाला, "पुढे कोणी विचारलं तर हीच दाखवायची."