क्रिकेटवर राग काढून मैदानं मिळणार नाहीत

ऑलिंपिक संपलं की महाराष्ट्रात एक वाद हमखास पेटतो. २०२४ साली पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक पदक आणायला ७२ वर्षं लागली. त्याच्या महिनाभर आधी टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या संघासाठी मरीन ड्राइव्हवर लोटलेला जनसमुदाय सगळ्यांनी पाहिला होता. मग आमच्या शाळेच्या ग्रुपवर तेच वाक्य आलं: क्रिकेटने बाकीचे खेळ खाल्ले. हे लिहिणारे माझे कोल्हापूरचे मित्र आहेत आणि त्यांची तळमळ खरी आहे. पण त्यांचं निदान मला मान्य नाही, आणि त्याचं कारण मी राहतो त्या मेलबर्नमध्ये दर शनिवारी दिसतं.

ऑस्ट्रेलिया काही क्रिकेटबद्दल उदासीन देश नाही. २०२४ साली २६ डिसेंबरला सुरू झालेल्या, भारताविरुद्धच्या बॉक्सिंग डे कसोटीला एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, पाच दिवसांत ३,७३,६९१ माणसं आली. आपण ती कसोटी हरलो, पण शेवटच्या दिवशीसुद्धा स्टँड भरलेले होते. त्याच मैदानावर, साधारणपणे सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, फूटीची ग्रँड फायनल होते. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. चेंडू लंबगोल, मैदान क्रिकेटचंच, एका बाजूला १८ खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. त्या सामन्याला लाखभर लोक येतात आणि आदल्या शुक्रवारी सगळ्या व्हिक्टोरिया राज्याला सुट्टी असते. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये, महिला फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत माटिल्डाज म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मुली इंग्लंडशी खेळल्या, तेव्हा तो सामना १ कोटी १० लाखांहून जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला. देशाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास. इथे कुठल्या खेळाने कुणाला खाल्लं?

उत्तर एमसीजीवर नाही, आमच्या उपनगरातल्या मैदानावर आहे. ते मैदान कौन्सिलचं, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेचं. इथले ऋतू आपल्या उलट. उन्हाळ्यात ते क्रिकेट क्लबला दिलेलं असतं, हिवाळ्यात फूटी क्लबला. सप्टेंबर सरला की फूटीवाले आपलं सामान आवरतात, मधल्या कृत्रिम खेळपट्टीवरचं आच्छादन निघतं आणि ऑक्टोबरमध्ये पांढऱ्या कपड्यातली पोरं दिसायला लागतात. कपडे बदलायच्या खोल्या त्याच, चहाची किटली तीच, फळ्यावरची नावंही बरीचशी तीच, कारण उन्हाळ्यात लेग-स्पिन टाकणारा मुलगाच हिवाळ्यात फूटी खेळतो. क्लब चालवणारे पगारी नाहीत. सचिव प्लंबर आहे, खजिनदार शाळेत शिकवते. धावा लिहायला, सीमारेषेचे शंकू मांडायला, दुपारी सॉसेज भाजायला पालकांच्या पाळ्या लागतात आणि ती पाळी कुणी चुकवत नाही. लहान गटात प्रत्येकाला फलंदाजी मिळते, प्रत्येकाला गोलंदाजी मिळते. माझी मुलगी उन्हाळ्यात यष्टीरक्षण करते, मे महिन्यात चिखलात फूटी खेळते. तिला यातलं एक निवडायला अजून कुणी सांगितलेलं नाही, याचा बाप म्हणून मला फार आनंद आहे.

मुळात फूटीचा जन्मच क्रिकेटच्या पोटातून झाला. १८५८ साली टॉम विल्स या नावाजलेल्या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका नियतकालिकाला पत्र लिहून सुचवलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटू आळसावू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले.

या व्यवस्थेतून काय निघतं ते एलिस पेरीकडे पाहिलं की कळतं. २००७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेटही खेळली आणि फुटबॉलही. २०११ च्या फुटबॉल विश्वचषकात तिने स्वीडनविरुद्ध गोल केला. आता आपल्या जेमिमा रॉड्रिग्जचं बघा. वांद्र्याची ही मुलगी लहान वयात महाराष्ट्राकडून हॉकी खेळली होती. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत, महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, पेरी समोरच्या संघात होती आणि जेमिमाने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं. मी तो सामना इथे उशिरापर्यंत जागून पाहिला आणि मनसोक्त रडलो. तिच्या यशाचं श्रेय हॉकी सोडण्याला देणारे आहेत. मला मात्र वाटतं, दोन खेळांची मैदानं तिला मिळाली हेच तिचं भाग्य, आणि ते कोल्हापुरातल्या किंवा नांदेडमधल्या मुलीला मिळत नाही.

इथलं सगळं गोड नाही. सामन्यांच्या प्रक्षेपणात सट्ट्याच्या जाहिरातींचा मारा असतो, पोरांना कानावर पडून पडून भाव पाठ होतात. अ‍ॅडम गुड्स या आदिवासी फूटी खेळाडूला २०१५ मध्ये प्रेक्षकांनी मैदानोमैदानी हुर्यो करून छळलं, त्याच हंगामात तो निवृत्त झाला. क्लबची फीही प्रत्येक घराला झेपत नाही. पण यामुळे मैदानाचा मुद्दा खोटा ठरत नाही.

‘त्यांच्याकडे जागा आहे, पैसा आहे’ हे मला दर वेळी ऐकवलं जातं. कोल्हापूरकरांनी तरी हे म्हणू नये. ज्या शहरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की शाहू स्टेडियम ओसंडून वाहतं आणि पेठापेठांतून झेंडे लागतात, तिथे क्रिकेटने फुटबॉलला खाल्लं असं कोण म्हणेल? मेलबर्नचे कॉलिंगवूड, कार्लटन, रिचमंड हे फूटी क्लब जसे उपनगरांतून उगवले, तशाच आपल्या तालमी पेठांतून उगवल्या. वर्गणी काढणारी माणसं आहेत, निष्ठा आहे, २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळलेल्या अनिकेत जाधवसारखा पोरगा त्या मातीतून आला. कमी आहे ती सरावाच्या जागेची, आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या संघांची, आणि मुलींची. मुंबईत क्रिकेटची कांगा लीग १९४८ पासून भर पावसात खेळली जाते. एकाच मैदानावर दोन-दोन सामने कडेला कड लावून चालवायची सवय आपल्याला आहे. मग एका मैदानावर हंगाम वाटून दोन खेळ चालवणं आपल्याला जड का जावं?

म्हणून माझं मित्रांना एवढंच सांगणं आहे, की क्रिकेट बोर्डावर दात खाण्यात जातो तेवढा वेळ शहराच्या विकास आराखड्यावर घालवा. आपल्या वॉर्डात क्रीडांगणासाठी आरक्षित भूखंड किती आहेत, त्यांवर आज काय उभं आहे, लग्नाच्या मांडवांना ते वर्षातून किती दिवस दिले जातात, शाळेचं मैदान सुट्टीत कुलूपबंद का असतं, हे माहितीच्या अधिकारात विचारा. तालमींनी मुलींचे संघ काढावेत, त्यांना सरावाची ठरलेली वेळ मिळावी. हे मागायला ऑलिंपिकची वाट पाहायची गरज नाही, मतं मागायला दारात येणाऱ्या नगरसेवकाला विचारलं तरी पुरे.