मार्गदर्शकासह पुणे पाहू इच्छिणाऱ्यांस काही नम्र सूचना

गेल्या महिन्यात माझी थोरली आत्या सोलापूरहून आली. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे संपावर, आणि बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे पुणे तिला तारखांसकट पाठ. फक्त सावकाश पाहायचे तेवढे आयुष्यभर राहून गेले होते. बसच्या पायऱ्या आणि रिक्षावाल्याशी हुज्जत या दोन्ही गोष्टी तिला झेपणार नाहीत, असे मीच ठरवले आणि मोबाइलवरून ‘खाजगी, वातानुकूलित, अनुभवी मार्गदर्शकासह’ अशी एका दिवसाची सहल साडेसहा हजार रुपये आगाऊ भरून नक्की केली. त्या एका दिवसात मला जे ज्ञान झाले ते स्वतःपुरते ठेवणे बरे नव्हे, म्हणून ज्यांच्याकडे पाहुणे यायचे आहेत अशा सर्वांसाठी पुढील सूचना सादर करीत आहे.

पहिली सूचना अशी की, निघण्यापूर्वी पुण्याविषयी काहीही वाचू नये. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली हे ज्याला माहीत असते, त्याला ‘चारसौ साल पुराना किल्ला’ हे शब्द ऐकताना उगाच कसेसे होते. जो कोरा येतो, तो आनंदी राहतो.

सकाळी नवाची वेळ ठरली असेल, तर साडेनऊला अंघोळीला जावे.

भाषेविषयी आग्रह धरू नये. आमच्या मार्गदर्शकाचे नाव मराठी, आडनाव मराठी, फोनवर आईशी बोलणे मराठीत; परंतु आमच्याशी तो संपूर्ण दिवस हिंदीत बोलला. आत्या मराठीत विचारी आणि तो हिंदीत उत्तर देई. दुपारपर्यंत मी स्वतः माझ्या सख्ख्या आत्याला ‘पानी चाहिए क्या’ असे विचारले, तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यांना चांगली परिचित असावी.

‘वातानुकूलित’ या शब्दाचा अर्थ गाडीत तशी सोय आहे एवढाच घ्यावा. ती चालू करावी असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

शनिवारवाड्यात गेल्यावर भुताची गोष्ट शांतपणे ऐकून घ्यावी, कारण उरलेली सहल त्या गोष्टीवरच उभी असते. दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या धडकेसाठी आहेत, वरती नगारखाना आहे, १८२८ च्या आगीत आतले सगळे जळाले आणि म्हणून आज जोती तेवढी उरली आहेत, हजारी कारंज्यापर्यंत पाणी कात्रजच्या तलावातून नळाने आणले होते, या सगळ्यांत ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येण्यासारखे काही नसते. त्यापेक्षा दर अमावास्येला ‘काका मला वाचवा’ ऐकू येते, हे सांगणे सोपे. आमच्या मार्गदर्शकाने ती आरोळी स्वतः मारून दाखवली, तीही दोनदा, कारण पहिल्या वेळी शेजारच्या शाळेच्या सहलीतली मुले बघत नव्हती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी जो मारला गेला तो नारायणराव अवघा अठरा वर्षांचा होता, हे आत्याने हळूच सांगितले. त्यावर तो म्हणाला, ‘हां मॅडम, वो बच्चा ही था, आठ-नौ साल का.’ आत्या गप्प बसली. मीही गप्प बसलो. आपणही बसावे.

लाल महालासमोर उभे राहून ‘याच खिडकीतून शाहिस्तेखान पळाला’ असे सांगितले जाईल, तेव्हा मान डोलवावी. आताची वास्तू पुणे महानगरपालिकेने १९८० च्या दशकात नव्याने बांधलेली आहे, आणि एप्रिल १६६३ मध्ये बोटे गमावलेल्या खानाला त्या खिडकीचा उपयोग होणे अवघड होते, असा हिशेब मांडत बसल्यास मागून येणाऱ्या गटाचा खोळंबा होतो.

पाताळेश्वर चालत्या गाडीतून पाहावे. ही कल्पना माझी नव्हे. राष्ट्रकूटांच्या काळातले हे लेणे जमिनीच्या पातळीखाली, एकाच खडकात खाली खाली कोरत नेलेले आहे, त्यामुळे जंगली महाराज रस्त्यावरून ते दिसत नाही. दिसते ते फाटक. ‘राइट में पाताळेश्वर’ असे म्हणून त्याने फाटक दाखवले, पाठोपाठ मागच्या गाडीने भोंगा वाजवला आणि यादीतले एक ठिकाण पूर्ण झाले. पर्वतीही अशीच पूर्ण झाली. त्या शंभराहून अधिक पायऱ्या आत्याला चढायच्या नव्हत्याच, परंतु पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेब पेशव्यांनी जिथे प्राण सोडले ती टेकडी पायथ्याशी क्षणभर थांबून, मान वर करून पाहावी, एवढी तिची इच्छा होती. पायथ्याशी पार्किंग नव्हते.

केळकर संग्रहालयात शिरताना मनाची तयारी ठेवावी. ‘ये यहाँ के राजा थे, राजा दिनकर केळकर, उनका महल था’, हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेले आहे. दिनकर केळकर हे कोणी राजे नव्हते. ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, आणि गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी, वाद्ये असे जे जे जमवले ते बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने उभे केले. त्या मुलाचे नाव राजा. म्हणजे दारावरच्या पाटीत एका बापाचे दुःख लिहिलेले आहे, आणि आमच्या मार्गदर्शकाने त्यावर सिंहासन ठेवले. तिथे आम्हाला पंचवीस मिनिटे मिळाली. अडकित्त्यांच्या कपाटासमोर आत्या वाकून पाहत होती. एका अडकित्त्याचे दोन दांडे म्हणजे एकमेकांना बिलगलेले स्त्री-पुरुष होते, आणि ती त्याची बिजागरी कशी बसवली असेल ते शोधत होती. तेवढ्यात ‘चलो मॅडम, लेट हो रहा है’ झाले.

उशीर कशासाठी होत होता, हे लवकरच कळले. खरेदीच्या थांब्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा, ही माझी सर्वांत महत्त्वाची सूचना समजावी. हे दुकान यादीत नसते, त्याचे पैसे लागत नाहीत आणि तिथे पार्किंग मिळते. पुण्यात राहून मी पन्नाशी ओलांडली, तरी या शहराची खासियत काश्मिरी गालिचे आणि चंदनी हत्ती ही आहे, हे मला ठाऊक नव्हते. आम्हाला चहा दिला गेला. सात साड्या उलगडल्या गेल्या. ‘हातमागाची अस्सल पैठणी’ म्हणून पुढे केलेल्या साडीचा पदर आत्याने सहज उलटा केला. हातमागाच्या पैठणीत पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. याच्या पाठीमागे सुटे दोरे लोंबत होते. तिने तो दुकानदाराच्या हातात नीट घडी करून परत दिला आणि म्हणाली, ‘छान आहे. यंत्र चांगले आहे तुमचे.’ एकूण पंचावन्न मिनिटे. मार्गदर्शक त्या वेळात काउंटरवरच्या माणसाशी कोपऱ्यात काही बोलत होता आणि आम्ही रिकाम्या हाताने बाहेर पडलो तेव्हा त्याचा चेहरा खरोखर उतरला होता.

त्यानंतर आगाखान पॅलेस. येथे मात्र मला सूचना देताना थोडी अडचण होते आहे.

नगर रस्त्यावरच्या त्या कोंडीतून आम्ही पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. सर्वप्रथम कमानींखाली फोटो काढून घ्यावा, कारण तिथे ‘लाइट बहोत अच्छी आती है’. आत्याला फोटो नको होता. तिला मागच्या बागेत जायचे होते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींना पकडून या बंगल्यात आणून ठेवले. त्यांच्यासोबत आलेले त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्टला, इथेच हृदयविकाराने गेले. वय पन्नास. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा याच आवारात गेल्या. मधल्या काळात गांधीजींनी याच वाड्यात एकवीस दिवसांचा उपवास केला. मे १९४४ मध्ये त्यांना सोडले तेव्हा आलेल्यांपैकी दोघे बागेत मागे राहिले होते. पुण्यात येऊन जे पाहायचे ते हेच, असे आत्या सोलापुरातून निघतानाच म्हणाली होती.

समाधीपाशी तिने चपला काढल्या. गुडघे वाकत नव्हते, म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मार्गदर्शक झाडाखाली सावलीत फोन पाहत होता. त्याला बोलावून तिने विचारले, ‘बाळा, एक कस्तुरबांची. दुसरी कोणाची रे?’ उत्तर तिला माहीत होते. बत्तीस वर्षांची सवय, मूल काय सांगते ते ऐकायचे. तो फोनवरून नजर न उचलता म्हणाला, ‘गांधीजी की है मॅडम. यहीं ऑफ हो गए थे.’

गांधीजींच्या अस्थींचा अंश त्या आवारात जतन केलेला आहे, हे मला माहीत आहे. कोणी मला ते सांगायला येऊ नये. तो मुलगा त्याविषयी बोलत नव्हता. त्याने महादेवभाईंच्या समाधीकडे बोट दाखवून गांधीजी पुण्यात वारले असे सांगितले, त्या माणसाचे नावही घेतले नाही, आणि नंतर घड्याळ पाहिले. आगाखान पॅलेसमध्ये आम्हाला एकूण अठरा मिनिटे मिळाली. दुकानात पंचावन्न. हे आकडे मी कोणत्याही उपरोधाशिवाय लिहितो आहे.

परतीच्या वाटेवर त्याने चहा घेताना सांगितले की त्याला दिवसाचे सातशे रुपये मिळतात. साडेसहा हजारांतले सातशे. कामावर घेताना त्याला एका पानाची छापील यादी दिली होती, बाकी सगळे तो मोबाइलवरच्या व्हिडिओंवरून शिकला. दुकानात गिऱ्हाईक नेल्यास आणि काही विकले गेल्यास वर काही सुटतात, आणि म्हणून त्या दिवशी त्याचे नुकसान झाले होते. त्या पोराला शिव्या देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, आणि हीच माझी खरी चिडचिड आहे.

त्याला पाठवणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. माणसाला दोन दिवस केळकर संग्रहालयात नेऊन बसवायला, समाध्यांसमोरचे फलक एकदा वाचून घ्यायला सांगायला किती खर्च येतो? तुम्ही गाडी धुता, सीटवर पांढरे कव्हर घालता, पाण्याच्या दोन बाटल्या ठेवता, आणि त्या गाडीत बसून बोलणाऱ्या माणसाला रिकामा पाठवता. बुधवार पेठेतून जाताना त्याने दगडूशेठच्या मूर्तीवरचे सोने किती याचा आकडा सांगितला, आणि समोरच जिथे भिडेवाडा होता, जिथे १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली, त्या जागेबद्दल एक अक्षर काढले नाही. वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला. यादीत नसलेली जागा डोळ्यांसमोरून गेली तरी दिसत नाही. आत्या त्या बाजूच्या काचेला कपाळ लावून पाहत होती. तिच्या आईने शाळा पाहिली नव्हती.

आणि आपण पैसे मोजणारे काय करतो? आपण सगळे कळूनही गप्प बसतो, कारण उन्हात वाद नको, पाहुण्यांसमोर तमाशा नको, पोरगा गरीब दिसतो. शनिवारवाड्यात मी तोंड उघडले असते तर कदाचित तो आगाखान पॅलेसमध्ये शिरण्यापूर्वी फलक तरी वाचून आला असता. मी उघडले नाही. उलट संचेतीच्या चौकात सिग्नलला गाडी थांबली असताना त्याने मागे वळून ‘सर, फाइव्ह स्टार दे दो, नहीं तो कल का काम नहीं मिलता’ असे म्हटले आणि आरशातून माझ्याकडे पाहत राहिला, तेव्हा मी पाच तारे दिलेसुद्धा. ते पाहूनच पुढचा कोणीतरी आपल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्याच गाडीत बसेल, आणि त्यालाही महादेवभाईंचे नाव ऐकू येणार नाही.

आत्याने हे पाहिले. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. रात्री जेवताना एवढेच म्हणाली, ‘पेपर न तपासता पैकीच्या पैकी दिलेस की रे.’