‘75 उत्तरं पाठ करा, डेटा स्ट्रक्चर संपलं’: नाही, असं संपत नाही

इंदूरच्या मराठी घरांतल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 75 ठरलेले प्रश्न उत्तरांसकट पाठ करा, 30 दिवसांत डेटा स्ट्रक्चर (प्रोग्राममध्ये माहिती कशी मांडून ठेवायची हा विषय) होतं, वहीवर ड्राय रन करणं, म्हणजे कोड एकेक ओळ हातानं चालवून पाहणं, ही जुन्या मास्तरांची खोड, लिस्ट (यादी), क्यू (रांग: आधी आलेला आधी बाहेर), सेट (एकच गोष्ट दोनदा न ठेवणारा संच) पायथन या भाषेत आयते मिळतात, आत काय चालतं याच्याशी तुम्हाला काय करायचंय, सी ही भाषा आता कोणी शिकत नाही, आणि गणित कच्चं असेल तर या वाटेला जाऊच नका. माझी भाची बी.सी.ए.च्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. मेसेज वाचून तिनं वही मिटली आणि घोकायला सुरुवात केली, म्हणून हे उत्तर.

सगळ्यांत घातक आहे तो पाठांतराचा सल्ला. बायनरी सर्च घ्या: क्रमानं लावलेल्या यादीत मधला आकडा पाहायचा आणि दर वेळी निम्मी यादी सोडून द्यायची. यादी 2, 4, 4, 4, 7 आणि शोधायचा आहे 4 हा आकडा. पाठ केलेला कोड मधल्या जागेवर, म्हणजे इंडेक्स 2 वर (जागांचा क्रमांक 0 पासून मोजतात), 4 पाहतो आणि थांबतो. परीक्षक एवढंच बदलतो: पहिला 4 कुठे आहे ते सांगा. उत्तर 1 हवं. पाठांतरवाला इथेच अडकतो, कारण कोणती ओळ कशासाठी आहे हे त्याला कधी कळलेलंच नसतं.

वहीवर पाच रकाने आखा: लो (शोधायच्या भागाची पहिली जागा), हाय (शेवटची जागा), मिड (दोन्हींच्या मधली, अर्धा आला तर सोडून), मिडवरची किंमत, उत्तर. पहिली ओळ: 0, 4, 2, किंमत 4, उत्तर 2 लिहून ठेवा, पण थांबू नका, हाय 1 करा. दुसरी: 0, 1, 0, किंमत 2, लहान आहे, म्हणून लो 1. तिसरी: 1, 1, 1, किंमत 4, उत्तर 1, हाय 0. आता लो हायच्या पुढे गेला, काम संपलं. तीन ओळी.

आता नवशिक्यांची नेहमीची चूक करून पाहा: किंमत लहान निघाली तर लो ‘मिड अधिक 1’ न करता नुसता मिडवर आणा. दुसऱ्या ओळीत लो 0 होता, मिडही 0, म्हणजे लो जागचा हललाच नाही आणि प्रोग्राम कायमचा फिरत राहिला. स्क्रीनवर हे दिसत नाही, तिथे नुसता कर्सर लुकलुकत राहतो. वहीत एकसारख्या दोन ओळी आल्या की चूक तिथेच सापडते. म्हणे खोड! त्याच तक्त्यावर आणखी चार याद्या चालवा: रिकामी, एकाच आकड्याची, सगळे आकडे सारखे असलेली आणि हवा तो आकडा नसलेली. बहुतेक चुका यांतच पकडल्या जातात.

‘आत काय चालतं’ याचं उत्तर खुद्द पायथनच्या अधिकृत ट्युटोरियलमध्ये आहे. लिस्ट क्यूसारखी वापरता येते, पण त्या कामाला ती बरी नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे, आणि कारणही दिलं आहे: पुढचा घटक काढला की मागचे सगळे एकेक जागा सरकवावे लागतात. त्यासाठी डेक (दोन्ही टोकांनी झटपट घालता-काढता येणारी रांग) वापरा, असंही तिथेच सांगितलं आहे. म्हणजे आयती वस्तू देणारेच ती आतून समजून निवडा म्हणताहेत. दुसरं उदाहरण: 1-1 लाख मोबाइल नंबरांच्या दोन याद्या आहेत, समान नंबर काढायचे आहेत. दुसरी यादी लिस्टमध्येच ठेवून प्रत्येक नंबर तिच्यात शोधलात, तर वाईटात वाईट 1000 कोटी तुलना. तीच यादी एकदा सेटमध्ये घातलीत तर साधारण 1 लाख वेळा शोधणं, आणि प्रत्येक शोध जवळजवळ तत्काळ. कोड दोन्हीकडे तीन-चार ओळींचाच. निवड कशी करणार, पाठांतरानं?

सीबद्दल मात्र निम्मं खरं आहे, मान्य करावंच लागेल. पहिल्याच महिन्यात स्कॅनएफ (सीमध्ये इनपुट घेणारी आज्ञा) मधलं अँपरसँड (& हे चिन्ह) विसरण्यात आणि पॉइंटरच्या (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या) गोंधळात मूळ प्रश्न हरवतो. सुरुवात पायथनमध्ये करा. पण लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या कड्यांची साखळी) तिथेही स्वतः बांधा: दोन खान्यांचा क्लास, एकात किंमत, दुसऱ्यात पुढच्या नोडचा, म्हणजे कडीचा, पत्ता. रेड-ब्लॅक ट्री या अवघड रचनेची रोटेशन्स (तोल सांभाळायला फांद्या फिरवणं) पहिल्या वर्षी नकोत, हेही खरं.

गणिताची भीती तर निव्वळ खोटी. 10 लाख आकड्यांची यादी 20 वेळा निम्मी केली की एक आकडा उरतो. सुरुवातीला एवढं कळलं तरी पुरतं. खरगोन-धारहून येऊन इंदूरच्या भंवरकुआंला खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांना असलं सांगून घाबरवू नका.

75 प्रश्नांची ती यादी फेकायची गरज नाही. एक प्रश्न घ्या, उत्तर झाकून 40 मिनिटं तक्ता आखून झगडा, मगच उत्तर उघडा. दोन दिवसांनी अट थोडी बदलून तोच प्रश्न न बघता पुन्हा लिहा: पहिल्याऐवजी शेवटचा 4, चढत्याऐवजी उतरती यादी.